मुलीचा फोन काढून घेण्याआधी

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका आईचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, म्हणून ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.

'माझी मुलगी आठवीत आहे, तेरा वर्षांची. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला. शाळेने तिचा फोटो फेसबुकवर टाकला, पालकांच्या ग्रुपवरही फिरला. आठवड्याभरात इन्स्टाग्रामवर एका दीदीचा मेसेज आला, "तुझं भाषण ऐकलं, फार छान बोलतेस, जिल्ह्याची तयारी मी करून घेते." पंधरा-वीस दिवस गोड बोलणं चाललं. मग फोटो मागितले. मुलीने साधे, घरातले दोन फोटो पाठवले. आता त्याच अकाउंटवरून तिचा चेहरा लावलेला एक घाणेरडा फोटो आला आहे आणि धमकी आहे की व्हिडिओ कॉल कर, नाहीतर हा तुझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकतो. मुलीने मला सांगितलंच नाही, माझ्या बहिणीला सांगितलं. मला कळलं तेव्हा रागाच्या भरात मी तिला दोन धपाटे घातले आणि फोन काढून घेतला. मिस्टरांना दहावीतल्या एका मुलाचा संशय आहे. त्याचं नाव आणि तो फोटो ग्रुपवर टाकून सगळ्यांना सावध करतो म्हणतात. मुख्याध्यापक म्हणतात, शाळेचा यात काय संबंध, बाहेर बोलू नका, बदनामी होईल. पुढच्या महिन्यात जिल्ह्याची स्पर्धा आहे, तिथे मी तिला पाठवणार नाही. पोलिसांत जायची भीती वाटते, उद्या लोक मुलीलाच नावं ठेवतील. मी काय करू?'

ताई, मुलीच्या भाषणाचा फोटोही तुम्ही सोबत पाठवलात. तो दुसरा फोटो मात्र पाठवला नाहीत, हे फार बरं केलंत. त्याचं कारण पुढे सांगते. आधी मुलीकडे वळू, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त घाबरलेली तीच आहे आणि आज तिला काय ऐकायला मिळतं यावर बाकीचं बरंच अवलंबून आहे.

हे वाचून झालं की तिच्याजवळ बसा. दार लावून घ्या, धाकट्या भावंडांना मावशीकडे पाठवा. तिला सांगा, 'तू मावशीला सांगितलंस ते बरोबर केलंस. मी तुला मारलं ते चुकलं. जे झालं त्यात तुझा दोष नाही. आता आपण दोघी मिळून हे निस्तरू.' यात 'पण' घालू नका. 'तुझा दोष नाही, पण अनोळखी माणसाला फोटो पाठवायला नको होता' असं एक वाक्य निघालं की तिच्या कानात फक्त 'पण'च्या पुढचं राहील. ते समजावणं दोन आठवड्यांनी होऊ शकतं. धमकी देणाऱ्याचा सगळा धंदा एकाच गोष्टीवर चालतो, ती म्हणजे मुलगी घरी सांगणार नाही ही त्याची खात्री. तुमच्या मुलीने मावशीला सांगून ती खात्री मोडली आहे. तिच्यासाठी ही सोपी गोष्ट नव्हती. बहिणीवर रागावू नका. घरात एक तरी मोठं माणूस आहे ज्याच्याकडे ती न घाबरता जाते, हे तुमच्या घराचं बळ आहे.

जेवणाकडे आणि झोपेकडे लक्ष ठेवा. या प्रकारच्या धमक्यांत काही मुलं जिवाचं बरंवाईट करून घेतात, म्हणून काही दिवस तिला एकटीला फार वेळ ठेवू नका. 'जगून काय करू' अशा अर्थाचं काही ती बोलली तर ते नाटक समजू नका. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते, फुकट आहे. तिथे तीही बोलू शकते, तुम्हीही बोलू शकता.

आता त्या अकाउंटचं. त्याला उत्तर देऊ नका. विनवणी नको, शिव्या नकोत, 'पोलिसांत देईन' ही धमकीही नको. पैसे मागितले तर एक रुपयाही नको, कारण एकदा मिळाले की मागणी वाढतेच. आणि घाईने काही पुसूही नका. लोक पहिलं काम हेच करतात, चॅट डिलीट करतात, अकाउंट बंद करतात, आणि मग पोलिसांना दाखवायला हातात काही उरत नाही. त्या अकाउंटचं नाव, प्रोफाइलची लिंक, धमकीचे मेसेज, त्यांची तारीख-वेळ, हे सगळं स्क्रीनशॉटमध्ये येऊ द्या. काही मेसेज पाहिल्यावर नाहीसे होणारे असतात आणि त्यांचा स्क्रीनशॉट घेतला तर समोरच्याला कळतं, तेव्हा दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा. अकाउंटचं नाव कधीही बदलता येतं, म्हणून लिंक जपणं जास्त महत्त्वाचं. हे जमलं की इन्स्टाग्रामवर त्या अकाउंटची तक्रार करा आणि मग ब्लॉक करा. तक्रार कोणी केली हे इन्स्टाग्राम त्याला कळवत नाही.

तो घाणेरडा फोटो मात्र जिथे आला आहे तिथेच राहू द्या. त्याची प्रत काढू नका, कोणाला पाठवू नका. तुमच्या बहिणीला नाही, मुख्याध्यापकांना नाही, वकिलांनाही व्हॉट्सॲपवर नाही. मूल दाखवणारं असं चित्र पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली गुन्हा आहे. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता म्हणून तो माफ होईल असं कोणी गृहीत धरू नये. तुमच्या मिस्टरांनी तो ग्रुपवर टाकला असता तर धमकी देणाऱ्याचं काम त्यांच्याच हातून झालं असतं आणि गुन्हाही त्यांच्यावर आला असता. हे त्यांना शांतपणे, पण स्पष्ट सांगा. पोलिसांना दाखवायचा तो त्या फोनवरच दाखवायचा.

'फोटो खरा नाही, एआयने केलेला आहे, मग पोलीस काय करणार' असं कोणी म्हणेल. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ सालचा आहे आणि २०१९ मध्ये तो दुरुस्त झाला. संगणकावर घडवलेलं, बदललेलं, पण मूल दाखवणारं अश्लील चित्रही त्यात येतं. त्याच्या ११व्या कलमात तर तुमच्या घरी घडलंय ते जवळपास शब्दशः आहे. मुलाचं खरं किंवा बनवलेलं असं चित्रण कुठल्याही माध्यमात वापरण्याची धमकी देणं हा लैंगिक छळ आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणजे फोटो कुठेही फिरला नसला तरी गुन्हा आधीच घडलेला आहे. तो फिरायची वाट पाहू नका.

पोलिसांची भीती वाटते असं लिहिलंत. ती का वाटते हे मला कळतं. लहान गावात ठाण्याच्या पायरीवर बाई दिसली तरी चर्चा होते. म्हणून कायदा काय म्हणतो ते नीट माहीत करून घ्या, त्याने धीर येईल. पोक्सोमध्ये मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल अशा ठिकाणी घ्यायचा असतो. शक्य तिथे महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, तीही उपनिरीक्षक दर्जाच्या खालची नको. अधिकाऱ्याने गणवेश घालायचा नाही. मुलीला रात्री ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही. तिचं नाव, शाळा, पत्ता, फोटो, कुटुंब, यातलं काहीही वर्तमानपत्राला, चॅनलला किंवा सोशल मीडियावर छापता-दाखवता येत नाही. हे तुमचे हक्क आहेत, उपकार नव्हेत, तेव्हा ते मागताना संकोच करू नका. घरी या, साध्या कपड्यांत या, असं फोनवर सांगता येतं.

त्याआधी घरबसल्या तक्रार करायची असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल आहे. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन असा त्याचा पत्ता, आणि तिथे महिला व बालकांसाठी वेगळा विभाग आहे. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. तुमच्या बाबतीत पोर्टलवर तक्रार करून थांबू नका, ठाण्यातही जा. आणखी एक सोय फार थोड्या पालकांना माहीत असते. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतली बेपत्ता व शोषित मुलांसाठीची राष्ट्रीय संस्था ती चालवते. फोटो तुमच्याच फोनमध्ये राहतो. त्याचा एक आकडेरूपी ठसा तयार होऊन तेवढाच त्यांच्याकडे जातो, आणि इन्स्टाग्राम, फेसबुकसारखे सहभागी मंच तो ठसा जुळला की फोटो अडवतात. व्हॉट्सॲपच्या खासगी मेसेजांत याचा उपयोग होत नाही. शिवाय २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे नग्न किंवा असा बनवलेला फोटो हटवण्याची तक्रार संबंधित व्यक्तीने, किंवा तिच्या वतीने कोणी केली की कंपनीने दोन तासांत पावलं उचलायची असतात; फेब्रुवारी २०२६ पर्यंत ही मुदत २४ तासांची होती. तक्रारीत 'अल्पवयीन मुलगी' हे शब्द ठळक लिहा.

आता मिस्टरांच्या संशयाबद्दल. त्यांचा जीव तुटतोय हे दिसतं. बाप म्हणून हात शिवशिवणं साहजिक आहे. पण दहावीतल्या मुलाचं नाव त्यांच्याकडे कसं आलं? तुमच्या पत्रावरून तरी 'तो मुलगा मोबाइलमध्ये हुशार आहे आणि मुलींच्या मागे असतो' एवढंच दिसतं. तो असेलही. पण हा अकाउंट दुसऱ्या राज्यातून किंवा दुसऱ्या देशातून चालवणारी टोळीही असू शकते, आणि ते शोधायचं काम आयपी ॲड्रेस, म्हणजे अकाउंट कुठल्या इंटरनेट जोडणीवरून चालतो तो क्रमांक, काढू शकणाऱ्यांचं आहे. संशय असेल तर तो पोलिसांना लेखी सांगा. मुलगा अठरा वर्षांखालचा असेल तर त्याची चौकशी बाल न्याय मंडळापुढे होईल, आणि बाल न्याय कायद्यात त्याचंही नाव-फोटो जाहीर करायला बंदी आहे. ग्रुपवर नाव टाकलं आणि तो निर्दोष निघाला, तर काय होईल? दोनशे पालकांच्या फोनमधून ते परत घेता येणार नाही.

याच ग्रुपवर सध्या 'मुलं पळवणारी परप्रांतीय टोळी आली आहे' अशी ऑडिओ क्लिप फिरतेय, असंही तुम्ही लिहिलंत. हे वाचून मला धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवलं. साक्री तालुक्यात, १ जुलै २०१८ ला, बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ती भिक्षा मागून पोट भरणारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती. फोनवर फिरणाऱ्या अफवांनी लोकांचं डोकं आधीच तापलेलं होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्या क्लिपला ग्रुपवर कोणीतरी 'ही कुठली, कधीची, कोणाची?' एवढं विचारलं पाहिजे. तुम्ही विचारलंत तरी चालेल. मुलांवर अत्याचार करणारे बहुतेक वेळा ओळखीतलेच असतात, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे हेच सांगतात. टोळीच्या भीतीने पालक रस्त्याकडे बघत बसतात आणि मुलाच्या फोनमध्ये कोण 'दीदी' होऊन बसलंय, तिकडे लक्ष जात नाही.

आणि त्या 'दीदी'ला तुमच्या मुलीबद्दल इतकं कळलं कसं? या प्रश्नाशी मला जास्त वेळ थांबायचं आहे, कारण शाळेशी बोलताना तुम्हाला हेच लागणार आहे.

तुम्ही पाठवलेला फोटो मी फोनवर मोठा करून पाहिला. मुलगी हसतेय, हातात ढाल आणि प्रमाणपत्र आहे. प्रमाणपत्र कॅमेऱ्याकडे धरलं आहे, त्यामुळे तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, वाचता येतं. खाली इयत्ता आणि तुकडी आहे. गळ्यात शाळेचं ओळखपत्र आहे. दोन बोटांनी फोटो ताणला की त्याच्यावरची जन्मतारीख दिसते, गावाचं नाव दिसतं, आणि सगळ्यात खालच्या ओळीत दहा आकडी मोबाइल नंबर दिसतो. तो तुमचाच असणार. वर शाळेने लिहिलं आहे, 'आमच्या विद्यालयाची गुणवंत विद्यार्थिनी', पुढे तालुक्याच्या सभागृहाचं नाव आणि तारीख. शिवाय पान सगळ्यांना खुलं. ही माहिती मिळवायला त्या माणसाला एक मिनिटही लागलं नसेल. तिच्या भाषणाचं कौतुक करत तो आला, कारण भाषणाचा व्हिडिओ त्याच पोस्टमध्ये होता. तुमच्या मुलीने यातलं काहीही कोणाला सांगितलेलं नव्हतं. तिची जन्मतारीख, गाव आणि तुमचा नंबर आपण मोठ्यांनीच, अभिमानाने, चव्हाट्यावर ठेवला.

शाळांचा हेतू वाईट नसतो, हे मी मनापासून म्हणते. ग्रामीण भागातल्या शाळेला पटसंख्या टिकवायची असते. खासगी इंग्रजी शाळांशी झगडताना मुलांचं यश दाखवावंच लागतं, आणि एखाद्या शिक्षकाने स्वतःच्या फोनवरून, सुट्टीच्या दिवशी बसून, ती पोस्ट केलेली असते. पण याच सवयीने पालकांच्या ग्रुपवर आणखी काय काय येतं ते तुम्ही आठवा. 'अपार आयडीसाठी मुलांच्या आधार कार्डाचा फोटो आजच ग्रुपवर टाका.' (अपार म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा शैक्षणिक ओळख क्रमांक.) 'शिष्यवृत्तीसाठी बँक पासबुकाचं पहिलं पान पाठवा.' वाढदिवसाची यादी जन्मसालासह येते. सहलीला निघताना बस कुठून किती वाजता सुटणार आणि मुक्काम कुठे, हेही येतं. आधार कार्डावर मुलाचं नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं एका जागी असतं, आणि ते दोनशे फोनमध्ये कायमचं जातं. त्यातले किती नंबर आता शाळेतून गेलेल्या मुलांच्या पालकांचे आहेत, किती फोन विकले गेले, कोणाला ठाऊक? अशी कागदं ग्रुपवर टाकूच नका. शाळेच्या कार्यालयात जाऊन हातात द्या आणि शक्य तिथे मास्क्ड आधार द्या, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. अपारसाठी पालकांचं संमतीपत्रही लागतं, म्हणजे ते कशासाठी आणि माहिती कुठे जाणार हे विचारायचा तुम्हाला पुरेपूर हक्क आहे.

मुख्याध्यापकांकडे तोंडी जाऊ नका, कागद घेऊन जा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह सही-शिक्का घ्या. भांडणाचा सूर नको. असं काहीसं लिहा:

'माझ्या पाल्याचा फोटो व वैयक्तिक माहिती शाळेच्या सार्वजनिक पानावर प्रसिद्ध झाली आहे. ती दोन दिवसांत काढावी. यापुढे माझ्या लेखी संमतीशिवाय पाल्याचा फोटो, व्हिडिओ, पूर्ण नाव, इयत्ता वा ओळखपत्र दिसेल असा मजकूर प्रसिद्ध करू नये. सर्व पालकांसाठी असे संमतीपत्र तयार करावे व विषय पालक-शिक्षक संघाच्या पुढील बैठकीत घ्यावा.'

धमकीचा तपशील या पत्रात लिहू नका. हे पत्र शाळेत अनेकांच्या हातातून जाईल.

'शाळेचा संबंध काय' याचं उत्तर तुमच्याकडे आहे. पोक्सोच्या १९व्या कलमाप्रमाणे असा गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा २१व्या कलमाखाली गुन्हा आहे. तुम्ही सरांना सांगितलंत त्या क्षणी तेही यात आले. हे त्यांना धमकी म्हणून सांगू नका, त्यांना बहुधा माहीत नसेल. 'सर, आपण दोघांनी मिळून कळवू या' असं म्हटलंत तर त्यांनाही वाट सापडेल. शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलामुलींच्या सुरक्षेसाठीची समिती, आहे का, तेही विचारा. २०२२ पासून शासन निर्णयाने ती शाळांमध्ये असायला हवी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरचा अत्याचार उघड झाला, त्यानंतर सरकारने तक्रार पेटी, सीसीटीव्ही आणि या समित्यांबद्दल पुन्हा आदेश काढले. पुष्कळ ठिकाणी समिती कागदावर असते. तुमच्या शाळेत तशी असेल तर तिला जागं करायला तुमचं पत्र पुरेसं कारण आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. शाळांनी आत्ताच सवय लावून घेतली तर पुढे धावपळ होणार नाही.

कौतुक बंद करा असं मात्र कोणीच म्हणू नये. पहिला नंबर आला तर गावाला कळलंच पाहिजे. फोटो सगळ्या वर्गाचा घ्यावा, ओळखपत्रं शर्टाच्या आत जाऊ द्यावीत, प्रमाणपत्र उलटं धरावं किंवा नाव झाकावं, आडनावाशिवाय नाव लिहावं, गावाचं नाव नको, आणि पोस्ट कार्यक्रम संपून मुलं घरी पोचल्यावर टाकावी. पान बंद करायला नको. पालकांच्या सूचनांसाठी व्हॉट्सॲपचा कम्युनिटी प्रकार वापरला तर सूचना फक्त शिक्षक टाकू शकतात आणि इतर सदस्यांना एकमेकांचे नंबरही दिसत नाहीत. रात्री अकराला येणारे 'सुप्रभात'ही आपोआप थांबतात.

तक्रार दाखल झाल्यावर ग्रुपवर काही लिहायचंच असेल तर मिस्टरांना एवढंच लिहू द्या: 'पालकहो, स्पर्धेच्या नावाखाली मुलामुलींना अनोळखी अकाउंटवरून मेसेज येत आहेत. कोणाला आले असतील तर मुलांना रागावू नका, मेसेज जपून ठेवा आणि पोलिसांना किंवा १०९८ ला कळवा.' त्यात मुलीचा उल्लेख नाही, त्या मुलाचाही नाही. माझा अंदाज आहे की हे वाचून आणखी दोन-तीन आया तुम्हाला वेगळा फोन करतील. असा माणूस एकाच मुलीपाशी थांबत नाही.

फोन परत द्यायचा का? द्या. लगेच नाही, पोलिसांनी पाहून झाल्यावर, आणि तिच्यासोबत बसून. काढून घेतलेला फोन तिला एकच गोष्ट शिकवतो, की पुढच्या वेळी आईला सांगायचं नाही. अभ्यासाचं सगळं फोनवर येणाऱ्या मुलीला तो कायमचा बंद करता येत नाही. बंद केला तर मैत्रिणीच्या फोनवर लॉगिन होतं आणि तुम्हाला काहीच दिसत नाही. तिच्या इन्स्टाग्राम अकाउंटची जन्मतारीख पाहा. बहुतेक मुलं साल मागचं टाकतात, तुमच्या मुलीनेही टाकलं असेल. मग कंपनीच्या लेखी ती पंचवीस वर्षांची बाई ठरते आणि किशोरवयीन मुलांसाठीचं कुठलंच संरक्षण तिला मिळत नाही. खरं वय टाकलं तर भारतात २०२५ पासून टीन अकाउंट लागू होतो. अकाउंट आपोआप खासगी, अनोळखी माणसाला मेसेज पाठवता येत नाही, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. व्हॉट्सॲपमध्ये प्रोफाइल फोटो आणि 'ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं' या दोन जागी 'माय कॉन्टॅक्ट्स' ठेवा. रात्री सगळ्यांचे फोन, तुमचा आणि मिस्टरांचासुद्धा, बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागू द्या. फक्त तिचा लागला तर ती शिक्षा वाटेल.

आणि तिला त्या माणसाची पद्धत समजावून सांगा, भाषणासारखी नको, गप्पांत. आधी कौतुक, मग 'हे आपल्या दोघींतच ठेव', मग एक छोटी मागणी, ती पुरी झाली की मोठी. 'घरी सांगू नकोस' असं म्हणणारा कोणीही, ओळखीचा असो की अनोळखी, ऑनलाइन असो की शेजारचा, त्याच दिवशी घरी सांगायचा. ती वक्तृत्वाची मुलगी आहे. कदाचित पुढे कधी यावर स्वतःच बोलेल. तिला वाटलं तरच.

जिल्ह्याच्या स्पर्धेला तिला पाठवा, ताई. तिने तयारी केली असेल आणि ती स्वतः नको म्हणत नसेल, तर पाठवाच. तिचं भाषण थांबवलं तर त्या माणसाला हवं होतं त्याहून जास्त त्याला मिळेल. तुम्ही सोबत जा. आयोजकांना आधी फोन करून सांगा की आमच्या मुलीचा फोटो नावासह प्रसिद्ध करू नका. कारण विचारलं तर 'पालकांची इच्छा' एवढं पुरे आहे.

उद्या सकाळी ठाण्यात जाताना स्क्रीनशॉटची छापील प्रत, मुलीच्या वयाचा दाखला आणि फोन बरोबर घ्या. बहिणीला सोबत न्या. ही आमची हद्द नाही असं म्हणाले तर झिरो एफआयआर मागा. हद्द कुठलीही असली तरी दखलपात्र गुन्ह्याची नोंद घेणं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत स्पष्ट लिहिलं आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. तरीही टाळाटाळ झाली तर तक्रार लेखी स्वरूपात, पोस्टाने, जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि सांगलीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोला. बाल कल्याण समितीपुढे जाण्याची आणि मुलीसाठी समुपदेशक मिळवून देण्याची व्यवस्था तेच करतात, त्याला पैसे लागत नाहीत. पोर्टलवरच्या तक्रारीचा पोच क्रमांक एका वहीत लिहून ठेवा, आणि त्याच वहीत कोणाला, कधी भेटलात, काय म्हणाले, हेही तारखेनिशी लिहीत जा.